बाळंतिणीच्या उंबरठ्यापर्यंत

मंडळी, पाचवीची रात्र आपल्या खेड्यापाड्यांत कोणाला सांगावी लागत नाही. बाळ जन्मून पाच दिवस झाले की पाट मांडायचा, दिवा लावायचा आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईने रात्र जागून काढायची. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, अशी समजूत. शिकलेली माणसे या समजुतीला हसतात. पण जरा विचार करा. बाळंतिणीला ताप भरतो तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पुढे. नाळ कापताना घाण शिरली तर बाळाला धनुर्वात होतो, तोही पहिल्या आठवड्याच्या सुमारास. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांना भीतीचे दिवस कोणते, हे ठाऊक होते असे म्हणावे लागते. उपाय तेवढा हाती नव्हता, म्हणून दिवा लावून बसायचे.

आज उपाय हाती आहे. तरीही बाळंत झाल्यावर कित्येक बाया स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढत नाहीत. त्यांना अडाणी म्हटले की आपण मोकळे होतो! पण बाई येत का नाही, हा प्रश्न जुना आहे, आणि इतिहासाने त्याचे जे उत्तर दिले आहे ते ऐकण्यासारखे आहे. त्यासाठी प्रथम थोडे लांब, युरोपात जाऊ.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात गरीब बायांसाठी बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी शिकत. 1846 साली पहिल्या विभागात शंभरांतल्या 11 हून अधिक बाळंतिणी दगावल्या. दुसऱ्यात तीनसुद्धा नाहीत. ही गोष्ट गावभर झालेली होती. एक दिवस एका विभागात भरती, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्यात, अशी पद्धत होती. ज्या बाईच्या वाट्याला पहिला विभाग येई, ती गुडघे टेकून विनवणी करी की, मला तिकडे पाठवू नका. काही बाया तर वाटेतच बाळंत होत आणि मग इस्पितळात येत. आणि नवल असे की, रस्त्यात बाळंत झालेल्या या बायांना तो ताप कमी होत असे.

आता सांगा, अडाणी कोण ठरले?

इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टराने हा प्रश्न मनाला लावून घेतला. 1847 च्या मार्चमध्ये त्याचा एक डॉक्टर मित्र वारला. प्रेताची चिरफाड करताना विद्यार्थ्याच्या हातून त्या मित्राच्या बोटाला सुरी लागली होती, आणि त्याच्या मरणाची सगळी लक्षणे बाळंतरोगासारखी होती. सेमेलवाइसला उलगडा झाला. डॉक्टर आणि विद्यार्थी प्रेतांची तपासणी करून तसेच बाळंतिणीकडे येत होते. सुइणी प्रेतांना हात लावीत नव्हत्या. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून त्याने प्रत्येकाला क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले. 1848 साली पहिल्या विभागातले मृत्यू शंभरी सव्वावर आले. पुष्कळ मोठमोठ्या डॉक्टरांनी तेव्हा त्याचे ऐकले नाही. 1865 साली तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. पण इस्पितळाला घाबरणाऱ्या बायांचे भय खरे होते, हे त्याच्या आकड्यांनी कायमचे सिद्ध केले.

आता आपल्याकडे येऊ. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या. त्यांचा मुलगा दहा दिवस जगला. दहाच दिवस! त्या काळी आपल्या बाया पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायला संकोच करीत, आणि बाई डॉक्टर तर शोधून सापडत नव्हती. पुढे आनंदीबाई अमेरिकेत गेल्या आणि 1886 साली डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी निबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच. परत आल्या, पण 1887 च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती तोच, पुण्यात वारल्या. याच सुमारास, 1885 साली, हिंदुस्थानातल्या बायांना बायांच्याच हातून औषधपाणी मिळावे म्हणून डफरिन फंड निघाला, आणि 1886 साली मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल उभे राहिले. बाई दवाखान्यात येत नव्हती, कारण तिला तिथे लाज राखून बोलता येत नव्हते. बाई डॉक्टर भेटताच ती येऊ लागली.

पण ही झाली शहरांची गोष्ट. खेड्यात काय होते? खेड्यात होता सव्वा महिना. या चालीला मी नावे ठेवणार नाही. माहेरची विश्रांती, शेक-शेगडी, अंगाला तेल, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, यांत आईची माया आहे. एरवी राबणाऱ्या बाईला जन्मात तेवढीच सवड मिळते. मात्र तिने खोलीबाहेर पडायचे नाही, पहिले दहा दिवस विटाळ म्हणून तिच्याजवळ कोणी फारसे फिरकायचे नाही, हाही त्याच चालीचा भाग. म्हणजे ज्या दिवसांत तपासायची गरज सर्वांत जास्त, त्याच दिवसांत ती कोणाच्या नजरेला पडत नसे. स्वातंत्र्याच्या तोंडावर, 1946 साली, भोर समितीने अंदाज केला होता की, हजार बाळंतपणांमागे सुमारे 20 बाया दगावतात.

बाई बाहेर पडत नाही, तर मग दवाखान्यानेच तिच्याकडे का जाऊ नये? हा साधा प्रश्न गडचिरोलीत विचारला गेला. डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या बाया तपासल्या, त्याचा अहवाल 1989 साली प्रसिद्ध झाला. शंभरांतल्या 92 बायांना स्त्रियांचे काही ना काही दुखणे होते, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. पुढे त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केले. ही आरोग्यदूत घरी जाऊन बाळाचे वजन करी, ताप बघे, ऊब कशी द्यावी आणि पाजावे कसे ते आईला दाखवी. 1993 ते 1995 या काळात तिथे हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यात 62 बाळे जात. 1997-98 पर्यंत हा आकडा 25 च्या आसपास आला. याच गावांत बाळंतिणींचीही पाहणी झाली. 772 बायांपैकी शंभरी 43 जणींना बाळंतपणानंतरच्या दिवसांत काही ना काही आजार झालेला आढळला. बाळंतपण पार पडले म्हणजे बाई सुटली, हा समज किती चुकीचा आहे, ते यावरून दिसते.

पुढे हीच रीत देशभर गेली. 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियानात आशाताई आल्या, आणि 2011 पासून बाळंतिणीच्या घरी जाण्याचे त्यांचे दिवस ठरले. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिला दिवसही. हा बेचाळिसावा दिवस आपल्या सव्वा महिन्याच्या किती जवळ येतो, पाहा! 2018-20 मध्ये देशात लाख जन्मांमागे 97 माता दगावल्या, महाराष्ट्रात 33. 1946 च्या हिशेबाने तेव्हा हा आकडा दोन हजार होता.

तरी काम संपलेले नाही. 2019-21 च्या पाहणीत देशातली शंभरांत 88 बाळंतपणे दवाखान्यात झाली होती. पण पहिल्या दोन दिवसांत तपासणी झाली ती शंभरांत 78 बाळंतिणींची. उरलेल्या बावीस जणींना कोणी विचारले?

म्हणून गुरुजी, वर्गात हे जरूर सांगा, आणि घरोघरच्या आजीबाईंनीही ध्यानात घ्यावे. बाळंतिणीचे अंगावर जाणे वाढले, ताप आला, घाण वास येऊ लागला, फार डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, आकडी आली, पाय सुजून दुखू लागला, किंवा बाळ पिईनासे झाले, गार पडले, तर सुवेर फिटायची वाट पाहू नका. लगेच 108 ला फोन करा. आशाताई दारात आली तर तिला ‘सगळं बरं आहे’ म्हणून उंबरठ्यावरूनच परत पाठवू नका. तिला आत घ्या, बाळंतिणीजवळ बसू द्या. आणि बाळंतीण ‘मला दवाखान्यात जायचं नाही’ म्हणाली, तर रागावू नका. काय झालं, कशाची भीती वाटते, हे तिला विचारा. व्हिएन्नाच्या बायांना कोणी वेळेवर विचारले असते, तर कितीतरी जणी वाचल्या असत्या.

पाचवीचा दिवा खुशाल लावा. आजींनी जागेही राहावे. फक्त त्या दिव्याच्या उजेडात एकदा सुनेच्या कपाळाला हात लावून बघावा, ताप नाही ना म्हणून.