स्वतःचे पत्र: वार्ता आणि अन्वयार्थ

सामान्य माणसांना मतप्रकटनासाठी स्वतःचे पत्र का काढावे लागते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा आत्माविष्काराच्या प्रेरणेत शोधले जाते. मराठी नियतकालिकांच्या इतिहासातून वेगळा निष्कर्ष निघतो. १८४८ ते १८५० या काळात 'शतपत्रे' लिहिणाऱ्या लोकहितवादींना 'प्रभाकर'चे रकाने खुले होते. टोपणनाव तेवढे पुरले. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध प्रसिद्ध झाला तो मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदया'त, म्हणजे परक्याच्या पानावर. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या 'मूकनायका'ची जाहिरात मोबदला घेऊनही 'केसरी'ने छापली नाही, अशी नोंद पुढे डॉ. आंबेडकरांनी केली. मूल्य मोजूनही जागा मिळत नसेल, तर स्वतःचे पत्र ही निकड ठरते.

नाशिकचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यापूर्वीच 'बहिष्कृत भारत' बंद पडले होते; 'जनता' निघाले ते २४ नोव्हेंबरला. सत्याग्रहाची वार्ता इतरांच्या पत्रांतूनही जाऊ शकत होती. परंतु हा लढा देवदर्शनाचा की माणुसकीच्या हक्कांचा, हा अन्वयार्थ सत्याग्रहींच्या वतीने दुसऱ्या कोणी लावणे शक्य नव्हते.

म्हणूनच अशा पत्रांना केवळ इतिहासाची साधने मानणे अपुरे आहे. ज्यांचे म्हणणे तोवर 'गाऱ्हाणे' समजले जाई, त्यांच्या म्हणण्याला 'मता'ची प्रतिष्ठा देणारे गद्य या पानांवर घडले. मराठी गद्याच्या इतिहासाने त्याची दखल वाङ्मय म्हणून घ्यायला हवी.