ट्रान्सप्युटर की आय-८६०?

ग्वारीघाटावर भाच्याने विचारले, "मामा, गेमिंगसाठी कोणता प्रोसेसर घेऊ?" मला पुण्याचा जुना पेच आठवला. अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक नाकारल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली. तिच्या १९९१ च्या परम ८००० मध्ये इनमॉसचे टी-८०० ट्रान्सप्युटर होते. गती बेताची, परंतु शेजारच्या प्रोसेसरशी थेट संवादासाठी चिपवरच चार दुवे. इंटेलचा आय-८६० आकडेमोडीत कितीतरी वेगवान. मात्र असे दुवे त्याला नव्हते, आणि त्याचा कमाल वेग कंपायलरच्या हाती क्वचितच लागे. (असेंब्ली स्वहस्ते लिहिण्याची चिकाटी असेल, तर गोष्ट वेगळी!) विजय भटकरांच्या चमूने परम ८६०० मध्ये दोहोंना एकत्र आणले: गणित आय-८६० ने करावे, निरोप ट्रान्सप्युटरने पोहोचवावेत.

भाच्याला मी उलट विचारले, "ग्राफिक्स कार्ड कोणते आहे?"