यलोस्टोनमधील गरम झऱ्यांचे सूक्ष्मजीव समुदाय

यलोस्टोनमधील गरम झऱ्यांचे सूक्ष्मजीव समुदाय म्हणजे अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील गरम पाण्याच्या झऱ्यांत वाढणारे जीवाणू व आर्किया यांचे समूह होत. बदलत्या परिस्थितीशी ते दोन प्रकारे जुळवून घेतात : निरनिराळ्या तापमानाला निरनिराळे जीव वसतात आणि एकाच थरातील जीव दिवस-रात्रीनुसार आपली कार्ये बदलतात.

तापमानानुसार विभागणी

ऑक्टोपस स्प्रिंग या अल्कधर्मी झऱ्याचे पाणी उगमाशी सुमारे ९० °से. असते व वाहताना निवत जाते. उगमाजवळ ८० °से.पेक्षा अधिक तापमानात थर्मोक्रिनिस या जीवाणूचे गुलाबी तंतू आढळतात. हायड्रोजनसारख्या पदार्थांच्या ऑक्सिडीकरणातून त्यांना ऊर्जा मिळते. प्रकाशसंश्लेषण सुमारे ७३ °से.च्या खालीच शक्य होते. तेथून पुढे सिनेकोकॉकस या सायनोबॅक्टेरियाचे हिरवे थर सुरू होतात. त्याचे निकटसंबंधी प्रकारही तापमानानुसार प्रवाहाच्या वेगवेगळ्या भागांत वाढतात. अत्यंत आम्लधर्मी झऱ्यांत सायनोबॅक्टेरिया नसतात; तेथील अतिउष्ण पाण्यात सल्फोलोबस हे आर्किया आढळतात.

दैनंदिन बदल

दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे थराच्या वरच्या भागात ऑक्सिजन विपुल असतो. अंधार पडताच तो झपाट्याने संपतो. नायट्रोजन स्थिरीकरण करणारे विकर ऑक्सिजनमुळे निकामी होते. त्यामुळे सिनेकोकॉकसमध्ये त्याची जनुके सायंकाळी कार्यरत होतात. रात्री हा जीव साठवलेल्या शर्करेच्या किण्वनावर ऊर्जा मिळवतो. त्यातून बाहेर पडणारी ॲसिटेटसारखी संयुगे क्लोरोफ्लेक्सस व रोझिफ्लेक्सस यांच्या उपयोगी पडतात.

ऋतुमानानुसार बदल

ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंगच्या काठाचे थर उन्हाळ्यात नारिंगी-तांबडे व हिवाळ्यात गडद हिरवे दिसतात. प्रखर उन्हापासून संरक्षण देणाऱ्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचे हरितद्रव्याशी असलेले प्रमाण बदलल्याने हा फरक पडतो.

संशोधन व महत्त्व

थॉमस ब्रॉक व त्यांचे विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी मशरूम स्प्रिंगमधून १९६६ मध्ये थर्मस ॲक्वाटिकस हा जीवाणू मिळवला व १९६९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या जीवाणूतील टॅक पॉलिमरेज हे विकर डीएनएचे धागे विलग करण्यासाठी लागणाऱ्या उच्च तापमानातही टिकते. त्यामुळे कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या पीसीआर पद्धतीत प्रत्येक आवर्तनानंतर नवे विकर घालण्याची गरज उरली नाही. या शोधासाठी मुलिस यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रोगनिदान व न्यायवैद्यक तपासणीत ही पद्धत सर्रास वापरली जाते.