बिदागी, मानधन आणि स्वामित्वधन : गायकवादकांच्या अर्थार्जनाचा शब्दांतून दिसणारा इतिहास

कोणत्याही व्यवसायातील मोबदल्याला जे नाव पडते, त्यावरून देणारा आणि घेणारा यांच्यातील नाते पुष्कळसे उघड होते. मराठीत मजुराला मजुरी मिळते, कारकुनाला पगार मिळतो, वकिलाला फी मिळते. गायकवादकांना मिळणाऱ्या द्रव्यास मात्र मराठीने एक नव्हे, अनेक नावे दिली आहेत. नेमणूक, बिदागी, दौलतजादा, तिकिटाचे उत्पन्न, मानधन आणि स्वामित्वधन हे शब्द एकाच गोष्टीचे पर्याय नव्हेत. त्यांतील प्रत्येक शब्द एका वेगळ्या व्यवस्थेची साक्ष देतो. कोणाच्या पदरी चाकरीस न राहता केवळ आपल्या विद्येवर चरितार्थ चालविणाऱ्या कलावंताची स्थिती कसकशी बदलत गेली, हे या शब्दांच्या आधारे पाहता येते.

संस्थानी दरबारात गवयाची नेमणूक होत असे. नेमणुकीत स्थैर्य होते, परंतु ते राजाच्या आयुष्याला आणि मर्जीला बांधलेले असे. अल्लादियाखाँ यांना कोल्हापुरात शाहू महाराजांचा आश्रय होता. १९२२ साली महाराजांचे निधन झाल्यावर खाँसाहेबांनी मुंबईचा मार्ग धरला आणि तेथे शिकवणी व मैफिली यांवर उत्तरायुष्य काढले. दरबाराबाहेरच्या बैठकीत मिळे ती बिदागी. हा शब्द ‘बिदा’ म्हणजे निरोप याच्याशी जोडलेला आहे. गाणे संपल्यावर पाहुण्याला निरोप देताना यजमान जे हातावर ठेवील ते बिदागी होय. तिच्यात आदर आहे, पण हक्क नाही. तमाशातील दौलतजादा याहून वेगळी होती. तेथे देणारा एक यजमान नसून प्रेक्षकांपैकी ज्याला जी अदा आवडेल तो तिच्यासाठी तत्क्षणी पैसे देई. उत्पन्न वाटून येई खरे, परंतु प्रत्येक रुपयामागे देणाऱ्याची फर्माईश उभी असे.

या सर्व पद्धतींना छेद देणारा शब्द तिकीट हा होय. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी १८९६ साली मिरज सोडली आणि पुढील भ्रमंतीत सौराष्ट्रात सर्वसामान्य लोकांसाठी तिकीट लावून जलसा केला. त्यात तत्त्वाचा फरक होता. श्रोता आधी पैसे देतो, सर्वांना दर ठाऊक असतो आणि गायक कोणाचाही आश्रित राहत नाही. मराठी संगीत रंगभूमीने हा व्यवहार आधीच रूढ केला होता. १८८० साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हापासून तिकीट काढून गाणे ऐकण्याची सवय मराठी प्रेक्षकाला लागत गेली. परंतु तिकिटाबरोबर जोखीमही आली. १९१३ साली बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिला उदंड लोकाश्रय लाभूनही ती पुढे कर्जात बुडाली. दरबारात तोटा राजाचा असे. येथे तो कलावंताचा झाला.

म्हणूनच स्वतंत्र कलावंताने तिकिटाला विद्यालयाची जोड दिली. पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ साली मुंबईस त्याची शाखा काढली. भास्करबुवा बखले यांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाज सुरू केला. अब्दुल करीमखाँ यांचे आर्य संगीत विद्यालयही पुण्यात चालले. गंडा बांधून, सेवा करून मिळणाऱ्या विद्येच्या जागी इयत्ता, परीक्षा आणि मासिक फी आली. पलुसकरांनी स्वरलेखनासह पुस्तके छापून विकली, म्हणजे गाणे गायकापासून अलग होऊन बाजारात जाऊ शकले. इतके करूनही मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी हातची गेली. शिष्यांनी गुरूच्या निधनानंतर उभारलेल्या मंडळाने ही परंपरा पुढे चालविली आणि तिच्या परीक्षांनी असंख्य संगीतशिक्षकांना उपजीविका दिली.

ध्वनिमुद्रणाने प्रश्न अधिक बिकट केला. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे ग्रामोफोनसाठी मुद्रित झाले. तबकडीवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. त्याबद्दल कलावंताला प्रायः एकरकमी पैसे मिळत आणि नंतर कितीही तबकड्या खपल्या तरी त्यांचा हिशेब कंपनीचा असे. माध्यम नवे होते, पण व्यवहार मात्र जुन्या बिदागीचाच राहिला. १९२७ साली मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर आकाशवाणीवर ध्वनिचाचणी, श्रेणी आणि श्रेणीनुसार मोबदला अशी व्यवस्था स्थिरावली. या मोबदल्याला ‘मानधन’ हे नाव रूढ झाले. संस्कृत काव्यात ‘मानधन’ हा बहुव्रीही समास असून मान हेच ज्याचे धन आहे अशा स्वाभिमानी पुरुषाचे तो विशेषण आहे. मराठीत त्याचा अर्थ मानाखातर दिलेले अल्प धन असा झाला. शब्दाला प्रतिष्ठा आहे, परंतु तिच्या आडून दराविषयी घासाघीस करणे अप्रशस्त ठरते, हा त्याचा व्यावहारिक परिणाम दुर्लक्षणीय नाही.

खरा वाद ‘रॉयल्टी’ किंवा ‘स्वामित्वधन’ या शब्दाभोवती झाला. १९६० नंतरच्या दशकात लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांना रॉयल्टीचा वाटा मिळावा अशी मागणी केली. गाण्याचे पैसे घेतल्यावर गायकाचा हक्क संपतो, असे मोहंमद रफी यांचे मत होते. हा दोन व्यक्तींचा मतभेद म्हणून पाहण्यापेक्षा दोन शब्दांचा संघर्ष म्हणून पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. एका पक्षी गाणे म्हणजे पुरे झालेले काम, दुसऱ्या पक्षी ते उत्पन्न देत राहणारी मिळकत. कायदा दीर्घ काळ पहिल्या पक्षाकडे झुकलेला होता. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमाच्या मूळ व्याख्येप्रमाणे लिहिलेली वा छापलेली स्वररचना हीच संगीतकृती होती. मुखोद्गत परंपरेतील गायकाचे गायन तीत बसत नव्हते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचे स्वामित्व, विरुद्ध करार नसल्यास, निर्मात्याकडे जाते असा निर्णय दिला. १९९४ च्या दुरुस्तीने लेखनाची अट गेली आणि प्रयोगकर्त्याचा हक्क प्रथमच मान्य झाला. २०१२ च्या दुरुस्तीने कवी व संगीतकार यांना आपला स्वामित्वधनाचा वाटा सोडून देता येणार नाही असे ठरविले आणि गायकवादकांनाही व्यापारी उपयोगातून वाटा मिळण्याची तरतूद केली.

आज गाणे आंतरजालावरून ऐकले जाते. तेथे बहुतेक सेवा जमा झालेला पैसा एकूण श्रवणसंख्येच्या प्रमाणात वाटतात. त्यामुळे एखाद्या श्रोत्याने महिनाभर एकच गायिका ऐकली तरी त्याची वर्गणी तिलाच पोचते असे नाही. या प्राप्तीला मराठीने अद्याप रुळलेले नाव दिलेले नाही. वरील इतिहासातून एवढे निश्चित दिसते की, एकाच उगमावर विसंबलेला कलावंत, मग तो उगम राजा असो, नाटक मंडळी असो वा विद्यालय असो, त्या उगमाबरोबर अडचणीत आला. शिकवणी, मैफल, मुद्रण आणि प्रक्षेपण यांचा मेळ ज्याला घालता आला त्याचे स्वातंत्र्य तुलनेने टिकले. नव्या व्यवहारालाही नाव पडेलच. ते निरोपाचे असेल, मानाचे असेल की हक्काचे, हे करारपत्रावर सही करताना कलावंत कोणता शब्द मान्य करतात यावर बऱ्याच अंशी अवलंबून राहील.