‘जिस्ट’ कार्ड आणि खुला आराखडा
अलिबागेत बसून संगणकावर मराठी लिहिताना आज वेगळे कार्ड लागत नाही. डॉसच्या काळात मात्र पडद्यावर देवनागरी उमटवायला यंत्राच्या पोटात ‘जिस्ट’ कार्ड खोचावे लागे. आयआयटी कानपूरमध्ये रुजलेले हे तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवले. जोडाक्षरे घडवणे, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी नेणे हे सारे कार्डच करी; इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रणालीला त्याचा पत्ताही नसे! खुला झाला तो मात्र त्यामागचा ‘इस्की’ हा संकेत. त्याच्या १९८८च्या आवृत्तीवर युनिकोडची देवनागरी बेतली गेली आणि १९९१मध्ये तो भारतीय मानक ठरला.

कार्डाचा आराखडाच खुला करण्याचे धाडस टिमथी मिलर यांच्या ‘ओपन ग्राफिक्स’ प्रकल्पाने २००४ साली आरंभले. कार्डांचे निर्माते तपशील दडवीत आणि लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिणारे चाचपडत राहत. स्वतःची चिप घडवून घेणे फार महाग. म्हणून त्यांनी एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी पुन्हापुन्हा बदलता येणारी चिप, निवडली. ते कार्ड थोड्यांच्याच हाती पडले, पण आमच्या मते प्रश्न त्यांनी अचूक विचारला होता.

जिस्टचे जुने कार्ड बसवायला आजच्या घरगुती संगणकात खाचही नाही. ‘इस्की’त साठवलेला मजकूर मात्र अजून वाचता येतो.