ताबा की सांभाळ?

आमच्या पनवेलच्या धर्मग्रामात प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीला येणारा एक मुलगा एका रविवारी हजर असे, तर दुसऱ्या रविवारी गैरहजर. आम्ही त्याला कारण विचारले, तेव्हा तो सहज म्हणाला, "फादर, तो रविवार पप्पांचा असतो." आईवडील विभक्त झालेले, आई पनवेलला, वडील मुंबईला आणि रविवारांची वाटणी न्यायालयाने केलेली. कागदपत्रांत याला मुलाचा 'ताबा' म्हणतात. एरवी आपण ताबा शेताचा घेतो, घराचा घेतो. मुलालाही तोच शब्द लावला जावा, यामागे मोठा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये मुलांवर जवळजवळ सर्व हक्क पित्याचाच होता. लेखिका कॅरोलाइन नॉर्टन यांची तिन्ही मुले पतीने आपल्याकडे ठेवली, तेव्हा त्यांनी लेखणी उचलली आणि १८३९ साली कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांचा सांभाळ आपल्याकडे असावा, अशी मागणी आईला न्यायालयात करता येऊ लागली. मात्र पित्याचा हक्क पहिला, ही समजूत कायम राहिली व इंग्रजी अमलाबरोबर ती आपल्या देशातही रुजली.

आपल्या ख्रिस्ती समाजासाठी १८६९ चा घटस्फोट कायदा आला. मुलांचा सांभाळ, पोषण व शिक्षण यांविषयी हुकूम देण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. परंतु त्यात एक विलक्षण व्याख्या होती. एतद्देशीय पित्याचा मुलगा सोळा वर्षांपर्यंत, तर मुलगी अवघ्या तेरा वर्षांपर्यंतच अज्ञान मानली जाई. तेरा वर्षांची मुलगी म्हणजे सातवी-आठवीतली पोर! त्यापुढे या कायद्याचे छत्र तिच्यावर उरत नसे.

नंतर १८९० साली पालक व पाल्य कायदा आला. पालक नेमताना अज्ञानाचे हित पाहावे आणि मूल जाणते असेल तर त्याची इच्छाही विचारात घ्यावी, असे त्याचे सतरावे कलम सांगते. पण एकोणिसाव्या कलमानुसार पिता हयात असून अपात्र नसेल, तर न्यायालयाला दुसरा पालक नेमता येत नव्हता. हिताचे दार उघडले खरे, पण उंबऱ्यावर पिता उभा होता.

हा कायदा होऊन पाच वर्षे झाली नाहीत तोच महाराष्ट्रात एक घर दुभंगले. फेब्रुवारी १८९५ मध्ये कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह आपल्या माणसांत राहिल्या. त्या वेळचा कायदा पित्याच्या बाजूचा होता. धर्म बदलल्याने हक्क जाऊ नयेत, अशी तरतूद १८५० पासूनच होती. तरीही हे घर पुन्हा जुळले ते न्यायालयाच्या हुकुमाने जुळले नाही. पत्रे आणि भेटीगाठी होत राहिल्या. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे आल्या आणि १९०० साली त्यांनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला. ही सारी वाटचाल त्यांनी 'स्मृतिचित्रां'त सांगितली आहे. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि त्याचा अखेरचा अध्याय दत्तूने, म्हणजेच देवदत्त टिळकांनी लिहिला. आईबापांनी त्या पोराची ओढाताण केली असती तर काय झाले असते, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

प्रत्येक घराला असा शेवट लाभत नाही, हेही खरे. छळ सोसणाऱ्या आईला किंवा अन्याय झालेल्या बापाला न्यायालयाचाच आधार घ्यावा लागतो, आणि त्यात कमीपणा नाही. कायदाही बदलत गेला. १९७३ साली रोझी जेकब खटल्यात, एका ख्रिस्ती दांपत्याच्याच वादात, सर्वोच्च न्यायालयाने बजावले की मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत, खेळणीही नव्हेत. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समेटाच्या प्रयत्नाला अग्रस्थान दिले. २००१ च्या दुरुस्तीने ख्रिस्ती मुलांच्या पोषण-शिक्षणाच्या खर्चाचे अंतरिम अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावेत, असे ठरवले. आणि १८९० च्या त्या एकोणिसाव्या कलमात पित्याच्या जोडीला 'माता' हा शब्द २०१० साली आला. त्या एका शब्दाला एकशे वीस वर्षे लागली.

ख्रिस्तसभेची १९८३ ची कायदेसंहिता कलम ११५४ मध्ये सांगते की पतिपत्नी विभक्त झाली तरी मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची योग्य तजवीज झालीच पाहिजे. संसार मोडला तरी आईबापपण मोडत नाही, हाच त्याचा अर्थ.

आमच्या त्या मुलाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाचा दिवस नेमका पप्पांच्या रविवारी आला. आई अस्वस्थ झाली आणि उभयतांत पत्रापत्री सुरू झाली. आम्ही दोघांना वेगवेगळे भेटलो आणि एवढेच विनवले की त्या दिवसाची तरी वाटणी करू नका. दोघेही आले. बसले मात्र वेगवेगळ्या बाकांवर. मुलगा मान वळवून दोन्हीकडे पाहत होता. समेट झाला नाही, पण त्याला दोघेही दिसत होते. न्यायालय दिवस ठरवून देऊ शकते. त्या दिवशी मुलासमोर दुसऱ्याविषयी वाईट बोलायचे नाही, हे मात्र आईबापांनीच ठरवायचे असते. ताब्याचा सांभाळ होतो तो तेथेच.