स्नेह्याची चूक आणि न्यायाची दाद

स्नेह्याच्या हातून आपला जीव धोक्यांत आला, तर त्याच्यावर दावा करावा कीं नाहीं, हा प्रश्न सज्जनांस अवघड वाटतो. मैत्री तुटेल, लोक कृतघ्न म्हणतील, अशी भीति असते. इंग्लंडच्या न्यायालयांनीं हा प्रश्न कसा सोडविला, त्याचा इतिहास बोधप्रद आहे.

१९३७ सालीं सहाव्या जॉर्ज राजाच्या राज्याभिषेकानिमित्त लंडन शहर सजलें होतें. ती शोभा पाहण्यास डॅन नांवाची एक स्त्री आपल्या आईसह हॅमिल्टन नांवाच्या परिचिताच्या मोटारींतून गेली. हॅमिल्टन मद्य प्याला होता. वाटेंत उतरलेल्या एका सोबत्यानें मागें राहिलेल्यांच्या धाडसाचा उल्लेख केला. परंतु होणार तें होईलच, अशा अर्थाचें उत्तर देऊन ती गाडींतच बसून राहिली. पुढें अपघात झाला. हॅमिल्टन मरण पावला आणि ती जखमी झाली.

दावा कोणावर करावयाचा? जुन्या इंग्रजी नियमाप्रमाणें अपकार करणारा मेला कीं त्याच्यावरील असा दावाहि संपत असे. १९३४ च्या कायद्यानें तो नियम बदलल्यामुळें मृताच्या मालमत्तेकडून भरपाई मागतां आली. प्रतिपक्षानें एक जुनें वचन पुढें केलें: ज्यानें संमति दिली, त्याचा अपकार झाला असें म्हणतां येत नाहीं. न्यायमूर्ति ॲस्क्विथ यांनीं तें येथें मान्य केलें नाहीं. धोका ठाऊक असणें निराळें आणि त्यांतून होणारी हानि पत्करणें निराळें, हा त्या निकालाचा गाभा होय. मात्र चालकाची नशा इतकी उघड असेल कीं त्याच्या गाडींत बसणें म्हणजे न फुटलेल्या बाँबशीं खेळणें, तर गोष्ट वेगळी, असेंहि त्यांनीं सूचित केलें.

त्या काळीं फिर्यादीचा स्वतःचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास सारी भरपाई बुडत असे. १९४५ च्या कायद्यानें दोषाच्या प्रमाणांत वांटणी करण्याची सोय केली. १९६७ सालीं एका स्नेही स्त्रीस मोटार शिकवितांना नेट्लशिप नांवाच्या गृहस्थाचा गुडघा मोडला. विम्याची चौकशी करूनच त्यानें शिकविणें पत्करलें होतें. शिकाऊ चालकानेंहि कसलेल्या चालकाइतकी काळजी घेतलीच पाहिजे, असें वरिष्ठ न्यायालयानें ठरविलें. परंतु गाडीचा ताबा उभयतांकडे असल्यामुळें त्याची भरपाई निम्मी केली. १९७६ सालीं मित्रासह मद्य पिऊन त्याच्याच गाडींत बसणाऱ्याची भरपाई वीस टक्क्यांनीं कमी झाली.

१९७१ च्या दुसऱ्या एका कायद्यानें तेथें मोटारींतील उतारूंचाहि विमा सक्तीचा केला. त्यामुळें दावा मित्राच्या नांवें असला, तरी रक्कम बहुधा विमा कंपनीकडून येते. मित्राचें घर बुडत नाहीं.

यावरून दिसतें कीं, स्नेहामुळें काळजी घेण्याचें कर्तव्य तिळमात्र कमी होत नाहीं. दाद मागणें म्हणजे वैर धरणें नव्हे. पण डोळे उघडे ठेवून वेळीं गाडींतून उतरणें हें मात्र आपलें आपणच केलें पाहिजे.